झाडीतल्या डिस्क गोल्फ कोर्सचं मोजमाप: नऊ होल, कुठं काय अडतंय

रानवाट
बालाघाटच्या उतारावर, अंबाजोगाईकडच्या मळ्यात कडूनिंब-सुबाभळीच्या झाडीत जे नऊ होल आखलेत, त्यांच्याबद्दल दोनच मतं कानावर येतात: "लई भारी" आणि "नुसता नशिबाचा खेळ". दोन्हींतून कोर्स सुधारत नाही. टेप, दोरी आणि वही घेऊन जे मोजलं ते इथं टाकतोय. तिथं फेकणाऱ्यांनी आपापले आकडे जोडावेत.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, डिस्क फेकायची, पडेल तिथून पुढची फेक, साखळ्यांच्या बास्केटमध्ये विसावेपर्यंत. ज्याच्या फेकी कमी तो पुढं. पहिला कायमचा कोर्स १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात एड हेड्रिक यांनी आखला. तिथं आधी नुसते खांब होते, साखळ्यांचं बास्केट त्यांनीच नंतर आणलं. पीडीजीए ही या खेळाची संघटना १९७६ ची, तीही त्यांचीच. म्हणजे हा खेळ जन्मापासून झाडांतला आहे. झाडं काढून कोर्स "सोपा" करायची भाषा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता होल. १ ते ३ मुरमाड उतारावर आहेत, ४ ते ७ खालच्या काळ्या रानात, ८ आणि ९ परत वर.

होल १, ५५ मीटर. पहिली फट टीपासून १२ मीटरवर, ५ मीटर रुंद. सुरुवातीला असाच होल हवा.

होल २, ८२ मीटर. फेअरवे, म्हणजे टी ते बास्केटमधली खेळायची वाट, चांगला, पण उजव्या अंगाला जुनी विहीर आहे आणि तिला कठडा नाही. यावर खाली वेगळं बोलू.

होल ४, ७० मीटर. सगळी भांडणं इथलीच. दोन कडूनिंबांमधली फट २५ मीटरवर, टीवरून दिसते ३ मीटर.

होल ५, ७६ मीटर, मोठ्या चिंचेला वळसा घालून डावीकडे. सगळ्यांत देखणा.

होल ७, ६४ मीटर. बाभळींचं छत जमिनीपासून अडीच मीटरवर, जवळपास पाऊण फेअरवेभर.

३, ६ आणि ८ बद्दल फार सांगण्यासारखं नाही. ६ ला ओढ्याचं पात्र ओबी, म्हणजे खेळाच्या हद्दीबाहेर, आहे आणि ८ एकटाच उघडा आहे. ९ ला पळसाखाली बास्केट आहे.

मोजपट्टी
रानवाटभाऊ, ४ च्या भांडणाचं उत्तर कोनात आहे. फट किती रुंद हे एकटं सांगून काही कळत नाही, ती टीपासून किती लांब हेही हवं. ३ मीटरची फट १० मीटरवर असेल तर टीवर उभं राहून साधारण १७ अंशांची मोकळीक मिळते. तीच २५ मीटरवर गेली की ७ अंशांपेक्षा कमी. म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे साडेतीन अंशसुद्धा नाहीत. डिस्क स्वतः २१ सेंटिमीटर रुंद असते, तेवढंही त्यातून वजा करा. हातातून सुटताना एका अंशाची चूक २० मीटरवर ३५ सेंटिमीटर होते, हा आकडा डोक्यात ठेवला की कुठल्याही फटीचा अंदाज लागतो.

होल १ ची फट याच हिशेबाने २३ अंशांवर जाते. म्हणून तिथं कुणाची तक्रार नाही.

माझ्या मते टीवरच्या पहिल्या फटीला १० अंशांखाली उतरू नये. त्याखाली चांगली फेक आणि भाग्याची फेक यांत फरकच उरत नाही. पुढच्या फटी अरुंद चालतात, कारण तिथवर पोचलेला खेळाडू कुठून फेकायचं ते स्वतः ठरवून आलेला असतो.

बांधावरचा
मग सोपं आहे की. डावा कडूनिंब काढा. मालक नाही म्हणणार नाहीत.

हिरवळ
बांधावरचा दादा, कृपा करून नको. चिंच, आंबा, सागवान, जांभूळ, अंजन ही झाडं तर १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्यात अनुसूचित आहेत, खासगी रानातलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कडूनिंब त्या यादीत नाही हे खरं. पण तोडता येतो म्हणून तोडायचा का? त्या दोन झाडांनीच तो होल उभा केलाय. एक गेलं की उरतो ७० मीटरचा माळ.

आणि सावली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की खेळता येतं ते याच झाडांमुळं.

मोजपट्टी
हिरवळताईंशी सहमत, आणि तोडायची गरजही नाही. दोरी लावून त्या दोन खोडांमधलं खरं अंतर मोजा: ४ मीटर आहे. टीवरून ३ मीटर दिसतं, कारण टी तिरकी बसवलीय. आपण फटीकडं समोरून न बघता सुमारे ४० अंश बाजूनं बघतो. टी ९ मीटर उजवीकडं सरकवली तर तिरकेपणा निम्मा होतो आणि फट पावणेचार मीटर दिसायला लागते. सोबत ५ मीटर पुढं घेतली की अंतर २० मीटर. मोकळीक साडेदहा अंशांच्या वर जाते. एक फांदीही न तोडता.

उलटा हात
थांबा, पुढचं बघा. टी उजवीकडं गेली की फटीतून निघालेली डिस्क आताच्यापेक्षा डावीकडं तोंड करून जाणार. बास्केट जागेवरच ठेवलं तर फटीनंतरच्या ४५ मीटरांत १६ मीटर उजवीकडं वळवावं लागेल. तेवढं झाडांतून कोण वळवणार?

बास्केटसुद्धा ९ मीटर डावीकडं घ्या. मग सात-साडेसात मीटरचा वळसा उरतो. उजव्या हाताच्या फोरहँडला (तळवा पुढं ठेवून फेक) किंवा डावखुऱ्याच्या बॅकहँडला (हात छातीसमोरून ओढून फेक) तो नैसर्गिक आहे, कारण शेवटी डिस्क त्याच बाजूला झुकते. बाकीच्या आठांपैकी सहा होल डावीकडं वळतात, म्हणजे फक्त उजव्या बॅकहँडवर सगळा कोर्स निघतो. कोर्स तपासताना हा मुद्दा फार कमी लोक धरतात. एक तरी होल उजवीकडं वळणारा हवाच, आणि तो ४ असू द्या.

रानवाट
हे पटलं. चुना टाकून नव्या टीची आणि बास्केटची जागा आखून ठेवतो. पण कायमचं काही करण्याआधी चाचणी.

चाचणी कशी घ्यायची ते सविस्तर लिहितो, कारण "मला तर बरा वाटला" यावर आपण नेहमी अडकतो. एकाच टीवरून, एकाच खेळाडूने, ओळखीच्या एकाच प्रकारच्या डिस्कने २० फेकी टाकायच्या. प्रत्येक फेकीपुढं तीनपैकी एक खूण: स्वच्छ गेली, पानाफांदीला घासून गेली, खोडावर आदळली. आदळली तर कुठल्या खोडावर आणि किती उंचीवर, तेही. खेळाडू निदान तीन पातळ्यांचे हवेत: नवखा, मधला, जुना.

मग आकडे शेजारी ठेवा. समजा जुन्याच्या २० पैकी १४ स्वच्छ गेल्या आणि नवख्याच्या ५, तर होल हातातलं कसब मोजतोय. दोघांच्याही ७-८ च गेल्या तर तो नशीब मोजतोय, मग तो कितीही अवघड असो. दोघांच्याही १८ गेल्या तर ती फट नुसती दिखाऊ आहे.

वहीत हमखास दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे एकाच झाडाने सगळा मार खाणं. निम्म्याहून जास्त टकरा एकाच खोडावर असतील तर आधी टी हलवून बघायची, झाड नाही.

शेंगदाणे
७ बद्दल सांगा कुणीतरी. पटर फेकला की छताला लागायलाय, जोरात फेकला तरी लागायलाय. झाडीत स्लो डिस्कच फेका म्हणतेत सगळे.

उलटा हात
शेंगदाणे, सल्ला बरोबर आहे, पण ७ ला तो चालत नाही. कारण असं.

डिस्कवर चार आकडे असतात: स्पीड (वेग), ग्लाइड (तरंगणं), टर्न (वेगात असताना उजवीकडं वळणं), फेड (शेवटी डावीकडं झुकणं). दिशा उजव्या बॅकहँडच्या. स्पीड १ पासून १४ च्या आसपास जातो. कमी स्पीडचे पटर आणि मिडरेंज सरळ जातात, शेवटी कमी झुकतात, म्हणून अरुंद फटीत तेच बरे. पण त्यांना अंतर कापायला उंची लागते. ६४ मीटर न्यायचा म्हणजे पटर वर चढणार, आणि आपल्याकडं छातीच्या उंचीपासून छतापर्यंत जागा आहे फक्त सव्वा मीटर.

इथं स्पीड ५ ते ७, ग्लाइड ३-४ ची डिस्क घ्या. ती बुटक्या रेषेत लांब जाते. डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, किंचित खाली हवी. बहुतेकांचं नाक सुटताना वर असतं, आणि ताकद वाढवली की डिस्क अजूनच वर उचलते. जोरात फेकूनही छताला लागते ती यामुळं. हात छातीतून ओढण्याऐवजी कमरेच्या रेषेत ओढा, फेकीनंतर हात खांद्याच्या वर जाऊ देऊ नका. पळत येऊन फेकू नका, एका पावलात फेका. अंतर थोडं कमी मिळेल, पण दिशा हातात राहील.

स्पीड ११-१२ चा ड्रायव्हर मात्र इथं नको. त्याला लागतो तेवढा वेग एका पावलात येत नाही, आणि वेग कमी पडला की तो लगेच डावीकडं कोसळतो.

फोरहँडने जमिनीवर घसरवत नेण्याचा मार्गही आहे. काळी माती माघ-फाल्गुनात चपटी आणि टणक असते तोवर तो फार कामाचा. पावसाळ्यात तीच माती डिस्क जागेवर गिळते. रोलर, म्हणजे कडेवर घरंगळत नेलेली फेक, तर वैशाखात अजिबात नको. भेगा इतक्या रुंद पडतात की डिस्क उभीच्या उभी आत जाते.

शेंगदाणे
नाक खाली करून बघितलं. २० पैकी ११ छताखालून निघाल्या. आधी ३-४ निघायच्या.

बांधावरचा
खोडावर आपटून आपटून डिस्क खराब होतात त्याचं काय?

उलटा हात
साध्या प्लास्टिकची डिस्क झाडांत लवकर मऊ पडते, कड चेपते आणि ती आधीपेक्षा जास्त उजवीकडं वळायला लागते. हे नुकसानच आहे असं नाही. तीच डिस्क ४ च्या नव्या रेषेला उजव्या बॅकहँडने फेकायला उपयोगी पडेल. कडेवर धारदार टोक उभं राहिलं असेल तर बारीक सँडपेपर हलका फिरवा. बोट कापू नये इतपतच, आकार बदलेल इतकं नाही. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, वाकडी होते.

हिरवळ
झाडांचं कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. टीसमोरच्या पहिल्या खोडांवर डिस्कचे घाव एकाच उंचीवर बसतात, छाती ते डोक्याइतक्या. कडूनिंबाच्या सालीवर तिथं आत्ताच डिंक आलाय, ४ च्या डाव्या झाडावर बोटभर लांबीचे पाच-सहा घाव मोजता येतात. त्या उंचीवर काथ्याचा दोर सैलसर गुंडाळा, जमिनीपासून दोन फुटांपासून सहा फुटांपर्यंत. खिळे मारू नका. वर्षातून एकदा सोडून पुन्हा बांधा, नाहीतर खोड जाडावलं की दोर सालीत रुततो आणि झाड वरून वाळत जातं.

सुबाभळीचं उलटं आहे. छाटली की आठ-पंधरा दिवसांत धुमारे फुटतात आणि बुंध्यापाशी झुडूप होतं. फेअरवेतली रोपं छाटू नका, पावसानंतर माती ओली असताना मुळासकट उपटा. खाली पडलेल्या शेंगाही गोळा करा, नाहीतर पुढच्या वर्षी फेअरवेच राहत नाही. घाणेरीलाही हेच.

मुरूमखडी
टी-पॅडबद्दल सांगतो, कारण ४ ते ७ च्या चारही टी वर्षभरात खचणार आहेत. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं की पहिल्या दिवाळीला तडा ठरलेला.

मापं दीड मीटर रुंद, ३ मीटर लांब धरा. दीड ते दोन फूट काळी माती पूर्ण काढा, पॅडच्या चारही बाजूंनी एक फूट जास्तीची. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने ठोका. सगळा एकदम टाकून वरून ठोकला तर खालचा पोकळ राहतो. वर चार इंच काँक्रीट, आत जाळी. ओलं असतानाच खराटा आडवा फिरवा, म्हणजे पाय घसरत नाही. मागच्या बाजूला इंचभर उतार ठेवा, पाणी निघून जातं.

शहाबादी फरशी टाकू नका. स्वस्त पडते, पण दवाने ओली झाली की तिच्यावर पाय फिरवताना माणूस आडवा होतो.

पैसे नसतील तर नुसता ठोकलेला मुरूम आणि कडेला जाड लाकूड. त्याचा दोष एवढाच की पुढचा पाय जिथं फिरतो तिथं खड्डा पडतो, दर पावसाळ्यानंतर भरावा लागतो. पॅडच्या पुढच्या कडेची माती झिजून चार इंचांची पायरी झाली तर घोटा मुरगळणार. ते भरणं पॅड बांधण्याइतकंच महत्त्वाचं.

मोजपट्टी
मुरूमखडीकाका, बास्केटचंही सांगा. ३ आणि ६ चं झुकलंय.

मुरूमखडी
तिथं पाइप थेट मातीत रोवलाय. जाड पाइपची दोन फुटी बाही काँक्रीटमध्ये बसवा, खड्डा तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद, म्हणजे फुगणारी माती तो वर ढकलत नाही. बास्केटचा खांब त्या बाहीत सरकवून कुलूप. बाही दोन ठिकाणी बसवली तर बास्केट आलटून पालटून ठेवता येतं आणि एकाच जागची माती झिजत नाही. ४ ला दोन बाह्या कराच.

उंची तपासा. टोपलीची वरची कड जमिनीपासून ८२ सेंटिमीटर, सहा इकडंतिकडं चालतं. ६ चं ९३ भरतंय. साखळ्या आपल्याकडच्या फॅब्रिकेटरने फार जाड घातल्यात, डिस्क त्यांवर आदळून परत येते. साखळी सैल लोंबती हवी, बाहेरचा थर आणि आतला थर दोन्ही हवेत. आतला थर नसेल तर चांगला पट, म्हणजे बास्केटजवळची शेवटची फेक, मधून आरपार जातो. ९ ला तेच होतंय.

नियमवाली
झाडीत भांडणं होणारे नियम एकदाच लिहून ठेवते.

डिस्कच्या पुढं, बास्केटच्या बाजूला, मिनी (खुणेची छोटी डिस्क) ठेवला की त्याच्या मागच्या २० बाय ३० सेंटिमीटरच्या चौकटीत एक पाय हवाच. पायाखालची सुटी काटकी, पाला बाजूला करता येतो. जिवंत फांदी मोडायची नाही, हाताने धरून ठेवायची नाही. फेकताना अंगाला लागून हलली तर चालते. पाय टेकायलाच जागा नसेल इतकं मोठं खोड मागं असेल तर बास्केटच्या रेषेत त्या खोडाच्या लगेच मागून खेळायचं, दंड नाही.

डिस्क झाडात अडकली तर तिच्या सरळ खाली जमिनीवर खूण. दोन मीटरवरच्या डिस्कला दंड फक्त स्पर्धेत आधी जाहीर केलं असेल तरच. हरवली तर शोधायला तीन मिनिटं, मग आधीच्या जागेवरून एक दंड. बास्केटपासून १० मीटरच्या आत डिस्क सोडल्यावर तोल सांभाळून दाखवायचा, पुढं पाऊल टाकायचं नाही.

काटेरी जागेतून खेळायचंच नसेल तर एक दंड घेऊन त्याच रेषेत मागं येता येतं. आग्या मोहोळ, गांधीलमाशा किंवा साप असेल तर हीच सूट विनादंड मिळते. घोणस, फुरसं दोन्ही आपल्याकडं आहेत, त्यामुळं पावसाळ्यात गवतात हात घालूच नका. आकडी लावलेला बांबू जवळ ठेवा, झाडातली डिस्कही त्यानेच काढता येते.

बांधावरचा
विहिरीचं काय ठरलं?

नियमवाली
दादा, तिला नुसतं ओबी करून भागत नाही. ओबी केलं तरी माणूस डिस्क काढायला काठावर जाणारच. दोन गोष्टी करा: मालकांशी बोलून काटेरी तारेचं कुंपण, आणि विहिरीच्या आधीच्या झाडावर मॅंडो, म्हणजे डिस्क त्या झाडाच्या डावीकडूनच जायला हवी. मॅंडो चुकला तर एक दंड आणि पुढची फेक ठरलेल्या जागेवरून. त्यानं फेकच विहिरीकडं जात नाही. रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन २ च्या पलीकडच्या बांधावर आहे, खेळायच्या वेळी बंद ठेवायला सांगा.

शेंगदाणे
९ ला नारिंगी डिस्क सापडतच नाही सध्या.

हिरवळ
सापडणार कशी, पळसाची फुलं पडलीत सगळीकडं. दोन पावलांवर असली तरी फुलांत मिसळते. ९ ला निळी घ्या. कडूनिंबाखाली सध्या पिवळी पानगळ आहे, तिथं पिवळी डिस्क नको, गुलाबी उठून दिसते. गाजरगवत वाढलं की पांढरी दिसेनाशी होते.

आणि रानवाटभाऊ, चाचणीच्या वहीत महिना लिहा. फाल्गुनात कडूनिंब ओका असतो, घासून जाणारी फेकही पार होते. पालवी फुटली की तीच फट भरते. आताच्या २० फेकींवर कायमची टी बांधू नका.

रानवाट
खरंय, हे माझ्याकडून सुटलं होतं. मग असं करू: ४ च्या नव्या टीवर आत्ता नुसता मुरूम ठोकायचा. पहिल्या २० फेकी या आठवड्यात, दुसऱ्या पालवी पूर्ण आल्यावर, तिसऱ्या श्रावणात. काँक्रीट त्यानंतरच. बास्केटच्या दोन्ही बाह्या मात्र पावसाआधी बसवून घेऊ, ओल्या काळ्या रानात खड्डा खणणं अवघड जातं.

वही होल १ च्या बाकाखाली डब्यात आहे. पेन्सिल वापरा, दवाने शाई पसरते.